बीबी का मकबरा : आईची कबर संभाजीनगरला, मुलाची भिंत आमच्या डिचोलीत

डिचोलीकर
दिवाळीच्या सुट्टीत आईबाबांना घेऊन छत्रपती संभाजीनगरला जाऊन आलो. वेरूळ-अजिंठा तर ठरलेलंच होतं. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिचा मकबरा मात्र ‘वेळ उरला तर बघू’ या खात्यातला. कॉलेजात असताना एका टूरवाल्याबरोबर गेलो होतो, त्याने गेटवर घड्याळ दाखवून चाळीस मिनिटं दिली होती. तेव्हा ताजमहालाची गरीब बहीण बघितली, फोटो काढले आणि बसमध्ये जाऊन बसलो. तेच चित्र इतकी वर्षं डोक्यात होतं. या वेळी दोनदा गेलो, एकदा सकाळी गेट उघडताच आणि दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर. परत आल्यापासून डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती आधी सांगतो.

आत गेलं की आपण थेट कबरीपाशी पोचत नाही. मधोमध जमिनीला मोठं अष्टकोनी भगदाड ठेवलंय, त्याच्या कठड्याला टेकून खाली बघायचं. खालच्या मजल्यावर संगमरवरी जाळीच्या आठ पडद्यांच्या आत कबर, तिच्यावर चादर, आणि चादरीवर लोकांनी वरून टाकलेली नाणी नि दहा-वीसच्या नोटा. सकाळची वेळ, गर्दी नव्हती. भिंतीतल्या जाळ्यांतून आलेला उजेड फरशीवर ठिपक्याठिपक्यांनी पडला होता. आई बराच वेळ वाकून बघत राहिली. मग विचारलं, “हिला काय झालं होतं रे?”

म्हटलं, “बाळंतपणात गेली गं. मूल झालं आणि महिन्याभरात ताप येऊन गेली.”

“आणि मूल?”

मूल जगलं, असं मी सांगितलं आणि नाव सांगताना थांबलोच. मूल म्हणजे शहजादा अकबर. गोव्यात डिचोलीला वाढलेल्या माणसाला हे नाव कुठे ऐकलंय ते आठवायला वेळ लागत नाही. आमचं नमाजगाह! ईदेच्या नमाजासाठीची टेकडीवरची ती भिंत औरंगजेबाच्या मुलाने, अकबराने, १६८३ च्या सुमारास बांधली असं लहानपणापासून ऐकत आलोय. तो अकबर आणि हा अकबर एकच. ११ सप्टेंबर १६५७ ला औरंगाबादेत जन्मला आणि ८ ऑक्टोबरला त्याची आई दिलरस बानू वारली. सव्वीस वर्षांचा झाला तेव्हा बापाविरुद्ध बंड करून, संभाजी महाराजांच्या आश्रयाला येऊन, तो आपल्या डिचोलीत राहत होता.

आईला हे सांगितलं तेव्हा तिने पुन्हा एकदा खाली वाकून पाहिलं. “आमच्याकडे होता तिचा मुलगा,” एवढंच म्हणाली.

आता इमारतीबद्दल. दक्षिणेच्या मोठ्या दरवाजाने आत शिरायचं. लाकडी दारावर पितळी पत्रा ठोकलेला, त्यावर वेलबुट्टी. घाईत सगळे दारातून पुढे पळतात, पण याच प्रवेशदारावर बांधणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत : वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय. बादशहाच्या बेगमेच्या कबरीच्या दारावर एका मुसलमान वास्तुकाराचं आणि एका हिंदू अभियंत्याचं नाव शेजारी शेजारी. मला इथे सगळ्यात जास्त वेळ उभं राहावंसं वाटलं. अताउल्ला हा ताजमहाल ज्याच्या नावावर सांगतात त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. बाप १६४९ साली वारलेला होता.

पुढे लांब सरळ वाट, मधून पाण्याचे हौद आणि कारंज्यांची रांग, दोन्ही बाजूंना झाडं. त्या रांगेच्या टोकाला चौथरा आणि चार कोपऱ्यांत चार मिनार. चौथऱ्यावर चढलात की भिंतीकडे जरा जवळून बघा. साधारण माणसाच्या उंचीपर्यंत संगमरवर आहे. त्याच्यावर संपला. वर दख्खनचा काळा पाषाण, चुन्याच्या गिलाव्याखाली झाकलेला. मग घुमट परत संगमरवराचा. गिलावा इतका घोटीव की लांबून सांधा कळत नाही. उन्हात बोटभर अंतरावरून पाहिलं की संगमरवराचा थंड निळसर पांढरा रंग एका रेषेत थांबतो आणि चुन्याचा दुधी, किंचित पिवळट रंग सुरू होतो. ही रेषा बघायला मी दुसऱ्या दिवशी परत गेलो.

कुणी गेलंय का? काय बघायचं राहिलं माझं?

फोंड्याचा वाचक
छान लिहिलंय. अकबराचा धागा माहीत नव्हता. एक विचारू? सगळे ‘दख्खनचा ताज’ म्हणतात आणि लगेच ‘पण नक्कल जमली नाही’ असंही म्हणतात. पैसे कमी पडले म्हणून संगमरवर अर्ध्यात थांबवला, हे खरं का?

डिचोलीकर
पैशाचा आकडा उपलब्ध आहे. गुलाम मुस्तफाच्या ‘तारीखनामा’त खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे दिलाय. ताजचा खर्च तीन कोटींच्या वर सांगतात, म्हणजे तुलनाच नको. संगमरवर जयपूरकडच्या खाणींतून यायचा. सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना संगमरवराने भरलेले तीनशे गाडे पाहिल्याचं ताव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवलंय, आणि त्यातल्या लहानात लहान गाड्यालासुद्धा बारा बैल जुंपले होते म्हणे. दगड असा शेकडो कोस ओढत आणायचा असेल तर कुठे लावायचा आणि कुठे वाचवायचा हे ठरवावंच लागणार. त्यांनी माणसाच्या डोळ्यासमोर आणि आकाशासमोर लावला. मला यात शहाणपण दिसतं.

निजामुद्दीनला उतरणारा
नोकरीमुळे पंधरा वर्षं दिल्लीत काढली. वास्कोहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस जिथे संपते त्या हजरत निजामुद्दीन स्टेशनपासून हुमायूनचा मकबरा हाकेच्या अंतरावर आहे. गावाहून परत आल्यावर कधी कधी घरी सामान टाकून संध्याकाळी तिथेच जाऊन बसायचो, त्यामुळे ‘नक्कल’ या शब्दावर मला बोलायचंय.

ताजमहाल बागेच्या मध्यभागी नाही. तो बागेच्या एका टोकाला, यमुनेच्या काठावर आहे. चार वाफे, चार पाट, सगळं ताजच्या पुढ्यात येतं आणि बागेच्या मधोमध कबर असायला हवी तिथे नुसता हौद आहे. संभाजीनगरचा मकबरा मात्र बागेच्या बरोबर मध्यावर बसवलाय. ही पद्धत हुमायूनच्या मकबऱ्याची. चेहरा ताजचा घेतला असेल, चार मिनार, कमानी, घुमट सगळं, पण अंथरूण हुमायूनच्या मकबऱ्याचं आहे. नक्कल करणारा माणूस जागा बदलत नाही. अताउल्लाने बदलली, अर्थात त्याला दोन्ही माहीत होते.

हुमायून १५५६ मध्ये वारला, जुन्या किल्ल्यातल्या शेरमंडलच्या जिन्यावरून पडून. त्याच्या बेगमेने, हाजी बेगमने, हा मकबरा बांधवून घेतला. काम १५६५ च्या आसपास सुरू झालं आणि सात-आठ वर्षं चाललं. वास्तुकार मीरक मिर्झा घियास, इराणी वळणाचा. लाल वाळूचा दगड आणि त्यात पांढऱ्या संगमरवराच्या रेघा. घुमट दुहेरी, म्हणजे आतला वेगळा आणि बाहेरचा वेगळा, मध्ये पोकळी. त्यामुळे आतून खोली माणसाच्या मापाची वाटते आणि बाहेरून घुमट लांबवर दिसतो. भारतात बागेतला एवढा मोठा मकबरा हा पहिलाच. चौथऱ्याखालच्या आणि आजूबाजूच्या कबरी धरल्या तर शंभरावर माणसं तिथे निजलीत, मुघल घराण्याचं शयनगृहच म्हणतात त्याला. दारा शुकोही तिथेच पुरला आहे असं मानतात. १८५७ मध्ये शेवटचा बादशहा बहादूरशाह जफर इंग्रजांच्या हाती लागला तोही तिथेच, आणि फाळणीत १९४७ ला त्याच बागेत निर्वासितांची छावणी होती.

डिचोलीकर, तुमचं राहिलं ते एवढंच की मकबऱ्याला चारी बाजूंनी एक प्रदक्षिणा घाला. बहुतेक लोक दक्षिणेकडून येतात, फोटो काढतात आणि त्याच वाटेने परततात. पश्चिमेला चौथऱ्यावर एक छोटी मशीद आहे, ती निजामाच्या काळातली. तिने त्या बाजूची वाट अडवली आणि सममिती मोडली. तेही बघण्यासारखं आहे, कारण मोडल्यावरच कळतं की आधी सगळं किती तोलून ठेवलं होतं.

सावईवेऱ्याची सून
इमारतीतलं मला कळत नाही, पण पाण्याबद्दल बोलते, ते माझ्या घरचं आहे.

आमचं कुळागर. सुपारी, त्यावर मिरीचे वेल, खाली केळी, मध्ये जायफळाची झाडं. डोंगरातल्या झरीचं पाणी वर अडवलेलं असतं, तिथून पाटाने खाली. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी पहिली गोष्ट शिकवली ती शिंपणं. कुठल्या आळ्याला किती वेळ, मग चिखलाचा गोळा आणि केळीचा सोप लावून तोंड बंद करायचं, पुढचं उघडायचं. पाटाला उतार किती हवा हे ते डोळ्यांनी सांगायचे. जास्त दिला तर पाणी माती ओढून नेतं, कमी दिला तर मध्येच साचतं आणि शेवटचं झाड तहानलेलं राहतं.

हुमायूनच्या मकबऱ्यात गेलो होतो तेव्हा गाईडने सांगितलं की बाग दुरुस्त करताना तिथले पाट दर ४० मीटरला १ सेंटीमीटर इतक्या उतारावर बसवलेत. ऐकून मी तिथेच खाली बसले आणि पाण्याकडे बघत राहिले. पाणी चालतंय की उभं आहे ते कळतच नव्हतं. मग एक वाळलेलं पान आलं, अगदी सावकाश, माझ्यासमोरून पुढे गेलं. तेव्हा सासरे असते तर काय म्हणाले असते असं वाटलं.

चारबाग म्हणजे काय हे त्या दिवशी नीट समजलं. चार भाग, मधून पाट, चालायच्या वाटा उंच आणि वाफे खाली. वाफे खोल का? फुलं वाढली की त्यांचे माथे वाटेच्या पातळीला येतात आणि आपण गालिच्यावरून चालतोय असं होतं. आणि पाणी सगळ्या वाफ्यांना आपोआप उतरतं. फळझाडंही लावायचे, नुसती शोभा नव्हे. आंबा, लिंबू, डाळिंब. कबरीभोवती फळतं झाड असावं, हे मला फार आवडलं.

डिचोलीकर, मकबऱ्यात कारंजी चालू होती का?

डिचोलीकर
ताई, नव्हती. दोन्ही दिवस हौद कोरडे होते. एका हौदाच्या तळाशी पानं आणि चिप्सची पाकिटं. खूप वाईट वाटलं. पाणी असतं तर सगळी इमारत त्यात उलटी दिसली असती, तो लांब हौद त्यासाठीच तर आहे. कोरड्या हौदापाशी उभं राहून मी फक्त अर्धा मकबरा पाहिला असं तुमचं वाचून आता वाटतंय.

आणि त्या शहरात पाण्याची काय विद्या होती! मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवली तेव्हाच जमिनीखालून नहर आणली होती. मकबऱ्यापासून जवळच पाणचक्की आहे. डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नळांतून आणून उंचावरून पाडलंय, आणि त्या जोरावर जातं फिरायचं, दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी पीठ दळायला. मकबऱ्याला जाणाऱ्यांनी ते सोडू नये.

इतिहासाचा विद्यार्थी, मडगाव
मूळ लेखातल्या तारखा बरोबर आहेत. त्यावरूनच एक सांगतो. मकबऱ्याबद्दल सगळीकडे ‘१६५१ ते १६६१ या काळात शहजादा आझमशाहने आईच्या स्मरणार्थ बांधला’ असं छापलेलं दिसतं. दिलरस बानू १६५७ मध्ये वारली, मग १६५१ मध्ये तिची कबर कोण बांधेल? आणि आझमचा जन्म १६५३ चा. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा, काम संपत आलं तेव्हा सात-आठ वर्षांचा. हुकूम आणि पैसा औरंगजेबाचाच असणार, हे उघड आहे. आझमचं नाव पुढे आलं ते मोठेपणी त्याने लक्ष घातलं असेल म्हणून.

अजून एक बाजू. १६५८ च्या सुरुवातीला औरंगजेब भावांशी लढायला उत्तरेकडे निघून गेला आणि बादशहा झाला. मकबऱ्याचं बरंचसं काम तो इथे नसतानाच झालं. दिलरस ही शाहनवाजखान सफवीची मुलगी, लग्न १६३७ चं, पाच मुलं. कवयित्री जेबुन्निसा ही तिचीच मोठी मुलगी. मेल्यानंतर मिळालेलं नाव राबिया-उद-दौरानी.

काणकोणचा
माफ करा, पण मला प्रश्न पडतो. संभाजी महाराजांना ज्याने हालहाल करून मारलं त्याच्या बायकोच्या कबरीचं एवढं कौतुक आपण मराठी माणसांनी का करायचं? वेरूळचं कैलास लेणं तिथेच आहे, त्यावर धागा काढा की.

डिचोलीकर
तुमचा राग मला समजतो, माझ्या घरातही हाच प्रश्न निघाला. बाबा पहिल्या दिवशी बाहेरच बसले होते.

माझं उत्तर एवढंच. ती १६५७ मध्ये गेली. संभाजी महाराजांचा जन्म पुरंदरावर त्याच वर्षी मे महिन्यातला. पुढे बत्तीस वर्षांनी जे झालं त्यात तिचा हात नाही. आणि तिचा मुलगा बापावर उलटून त्याच संभाजी महाराजांकडे आला, महाराजांनी त्याला सहा वर्षं सांभाळलं. त्याला पकडायला बादशहा फौज घेऊन दक्षिणेत उतरला, तरी महाराजांनी त्याला हवाली केलं नाही. १६८३ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला आणि महाराजांनी येऊन तो उठवला, नंतर जुवे बेट घेतलं. हे सगळं चाललं तेव्हा अकबर इथेच होता आणि तहाच्या बोलण्यांत मध्यस्थीही करत होता. शेवटी १६८७ मध्ये राजापूरहून जहाजाने इराणला गेला, तिथेच वारला.

कैलासाबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच. त्याला एक धागा पुरणार नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा आत आले. दारावरचं हंसपतराय हे नाव मी त्यांना दाखवलं होतं.

काणकोणचा
सहा वर्षं सांभाळलं हे लक्षात नव्हतं. ठीक आहे, वाचतोय.

गवंड्याचा नातू
डिचोलीकरांनी ती रेषा लिहिली, संगमरवर संपून चुना सुरू होतो ती, त्यावर मला लिहायलाच हवं.

माझे आजोबा बार्देशात देवळांची आणि जुन्या घरांची कामं करायचे. गोव्यात चुनखडीचा दगड फारसा नाही, म्हणून आपल्याकडे चुना शिंपल्यांचा. खुबे, तिसऱ्या, कालवांच्या शिंपल्या भट्टीत भाजायच्या, मग पाणी घालून विरवायच्या. विरवताना चुना उकळतो, जवळ गेलं तर डोळ्यांत जातो. आजोबांच्या उजव्या हाताची बोटं कायमची चिरलेली होती. विरवलेला चुना खड्ड्यात महिनोन्‌महिने पाण्याखाली ठेवायचा. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. त्यात वाळू, गूळ घालून मळायचा. एक थर लावून वाळू द्यायचा, मग दुसरा, आणि शेवटचा थर बारीक, नुसत्या मलईसारखा. तो ओला असतानाच घोटायचा. आजोबा गुळगुळीत नदीतला गोटा वापरायचे. उत्तरेकडे अकीकाच्या दगडाने घोटतात. घोटून घोटून त्यात चेहरा दिसायला लागतो.

तेव्हा मकबऱ्यावर ‘पैसे नव्हते म्हणून चुना लावला’ असं कुणी म्हटलं की मला त्रास होतो. संगमरवर कापून बसवणं कठीण आहेच, पण काळ्या पाषाणावर असा गिलावा करून तो संगमरवराला जोडून दाखवणं आणि साडेतीनशे वर्षांच्या वर टिकवणं हे वेगळ्याच हातांचं काम आहे. वर त्यात फुलं, वेली उठावात काढल्यात, त्या साच्यातल्या वाटतात पण नीट पाहिलं तर एक पाकळी दुसरीसारखी नसते.

आपल्या जिवावर उठला तो सिमेंट. चुना श्वास घेतो, भिंतीतला ओलावा बाहेर सोडतो. त्यावर सिमेंट फासलं की ओल आत कोंडते आणि गिलावा पापुद्र्याने सुटतो. हुमायूनच्या मकबऱ्याच्या छतावरून दुरुस्तीत जवळजवळ १० लाख किलो काँक्रीट काढलं म्हणतात! वर्षानुवर्षं गळती थांबवायला थरावर थर टाकलेलं. इतकं ओझं घेऊन ती इमारत उभी होती. आमच्या गावातल्या देवळाच्या सभामंडपालाही असंच झालं. आजोबांनी केलेला गिलावा खरवडून काढला आणि सिमेंट लावून ऑइल पेंट मारला. तीन पावसाळ्यांत फुगे आले. आजोबा तेव्हा अंथरुणाला खिळले होते. आम्ही त्यांना सांगितलं नाही.

निजामुद्दीनला उतरणारा
तुमच्या आजोबांना नमस्कार. छताचं ते काम २००७ ते २०१३ या दुरुस्तीतलं. त्या आधी बाग झाली. वरच्या छत्र्यांवरच्या, म्हणजे छोट्या घुमटी मंडपांवरच्या, निळ्या-हिरव्या टाइल्स पूर्वीसारख्या बनवणारं इथे कुणी उरलं नव्हतं. उझबेकिस्तानातून कारागीर बोलावले आणि त्यांनी निजामुद्दीन वस्तीतल्या मुलांना शिकवलं. मी संध्याकाळी जायचो तेव्हा दगड घडवणाऱ्यांची टकटक ऐकू यायची. तसं काही शिंपल्यांच्या चुन्यासाठी गोव्यात व्हायला हवं. तुम्हाला आजोबांचं किती येतं?

गवंड्याचा नातू
चुना विरवता येतो, मळता येतो. घोटणं थोडंफार. भट्टी कशी रचायची ते फक्त पाहिलंय, केलं नाही. आमच्या वाड्यावर एक म्हातारे आहेत ज्यांना येतं. तुम्ही विचारलंत म्हणून उद्याच जातो त्यांच्याकडे.

फोंड्याचा वाचक
वाचता वाचता लक्षात आलं की आपल्याकडेही एक बाग होती. फोंड्याची साफा मशीद, १५६० ची, आदिलशाही. शेजारचं चिऱ्याचं तळं, त्याच्या भिंतींत महिरपींचे कोनाडे. भोवती कारंजी आणि मोठी बाग होती आणि पोर्तुगीज राजवटीत ती गेली असं सांगतात. मी रोज बसने तिथून जातो. आता त्या मोकळ्या जागेकडे वेगळ्या नजरेने बघेन. आणि मंगेशी, कवळ्याच्या देवळांवरचे घुमट? ते बघत आपण वाढलो, पण घुमट आपल्याकडे कुठून, कसा आला हे कधी विचारलंच नाही.

इतिहासाचा विद्यार्थी, मडगाव
घुमटांवर वेगळा धागा काढा, मी येतो.

सावईवेऱ्याची सून
जायचं कसं ते कुणीतरी नीट लिहा ना. आम्ही मे महिन्यात विचार करतोय.

डिचोलीकर
ताई, मे नको. मराठवाड्याचा मे आपल्याला झेपत नाही, फरशी पायाला भाजते. पावसाळा संपल्यावर ते फेब्रुवारीपर्यंत जा. आम्ही रात्रीच्या बसने पुण्याला गेलो आणि तिथून दुसरी बस. गोवा एक्स्प्रेसने मनमाडला उतरूनही जाता येतं, मनमाडहून गाड्या मिळतात. मकबऱ्याला किमान अडीच तास ठेवा. सकाळी गेट उघडताना जा, पूर्वेचं ऊन मिनारांवर असतं. कबरीवर नाणी टाकू नका, कुणी टाकत असेल तर गोडीने सांगा. भिंतीला हात लावू नका. मला खूप मोह झाला होता, हात मागे बांधून उभा राहिलो. पाण्याची बाटली सोबत न्या आणि रिकामी झाली की परत आणा.

खुलताबाद पंचवीसेक किलोमीटरवर आहे, वेरूळच्या वाटेवर. बायकोसाठी हा मकबरा बांधवणाऱ्या औरंगजेबाची स्वतःची कबर तिथे उघड्यावर, मातीची आहे. भोवतीची संगमरवरी जाळी नंतरची.

सावईवेऱ्याची सून
मग नोव्हेंबरात. सासूबाईंनाही नेईन, त्यांना पाणचक्की दाखवायची आहे.

इतिहासाचा विद्यार्थी, मडगाव
डिचोलीकर, नमाजगाहाबद्दल अजून लिहा. फोटो आहे का? मी लहानपणी एकदाच गेलो होतो.

डिचोलीकर
काल रविवार होता म्हणून मुद्दाम जाऊन आलो. आईही आली.

नमाजगाह म्हणजे मशीद नव्हे. छप्पर नसतं. ईदेला गावाबाहेर सगळ्यांनी एकत्र नमाज पढायची मोकळी जागा आणि पश्चिमेला एक भिंत, दिशा कळावी म्हणून. भिंतीच्या मध्यावर महिरप. बस, एवढंच. पोर्तुगीजांविरुद्धच्या लढाईतल्या विजयाची आठवण म्हणून अकबराने ती उभारली असं इथे सांगतात. राज्याच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे. संगमरवर नाही, बाग नाही, पाट नाही. मकबरा पाहून आल्यावर इथे उभं राहिलं की पहिल्यांदा काही नसल्यासारखंच वाटतं. मग हळूहळू ती महिरपीची कमान दिसायला लागते. टोकाला किंचित निमुळती होणारी, तिकडच्या प्रत्येक कोनाड्यात होती तशी. पावसाने सगळीकडे गवत वाढलंय, भिंतीच्या बुंध्याला शेवाळ. चुना कुठे आणि नंतरचं सिमेंट कुठे हे मला ओळखता आलं नाही. गवंड्याच्या नातवाने एकदा यावं अशी विनंती आहे. मी स्टँडवर घ्यायला येतो.

आई भिंतीपाशी गेली नाही. तिने चप्पल काढून ठेवली आणि मैदानाच्या मध्ये उभी राहिली. मग विचारलं, “संभाजीनगर कुठे आलं इथून?”

मी मोबाइलवर पाहिलं. भिंतीकडे पाठ केली तर डाव्या हाताला, म्हणजे उत्तरेला, थोडं पूर्वेकडे झुकून. तिला हात करून दाखवलं. ती त्या बाजूला तोंड करून थोडा वेळ उभी होती. मग म्हणाली, “चल, चहा घेऊ.”

फोटो रात्री टाकतो.

गवंड्याचा नातू
पुढच्या रविवारी येतो. आमच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्या बाबांना घेऊन येतो. त्यांना टेकडी चढवेल का तेवढं सांगा.